बावणेबाई आणि टाकीतले पाहुणे

बावणेबाई डब्यात मासे आणत, त्या दिवशी फिशटँककडे पाठ करून जेवायला बसत. आमच्या दवाखान्यात जेवायला वेगळी खोली नव्हती. दुपारी दीडनंतर बाहेरचा हॉल रिकामा व्हायचा, तेव्हा तिथल्याच बाकांवर डबे उघडायचे. बाकांसमोर चार फुटी काचेची टाकी, टाकीत तीन गोल्डफिश. एरवी झुणका असो की वांग्याची भाजी, बाई टाकीकडे तोंड करून माशांशी काहीबाही बोलत जेवायच्या. पण डब्यात रोहू असला की बाक उलटा फिरायचा. मी एकदा कारण विचारलं.

"त्याइले का वाटन सर?" बाई म्हणाल्या. "आपल्या भावाले खाऊन राहिली बुढी, असं नाई वाटन का?"

बाई मूळच्या खापा गावच्या. वडील कन्हान नदीत जाळं टाकायचे. त्यामुळे मासा म्हणजे आधी कालवण आणि मग जमलं तर शोभा, अशी त्यांची समज पक्की होती. टाकीतल्या माशांची नावं काय, असं मुलं विचारायची तर बाई साफ सांगत, "आमच्या घरी मासोळीले नाव नाई देत, मीठ लावते." मुलांचे आईबाप दचकायचे. मुलं मात्र खूश.

दवाखान्यात त्यांची नेमणूक परिचर म्हणून. फरशी पुसणे, बेडशीट बदलणे, रडणारी मुलं धरणे, आणि ज्याचं कुणाचंच नाही ते प्रत्येक काम. सगळ्या दवाखान्यांत अशा बाईला मावशी म्हणायची पद्धत आहे. बावणेबाईंना ते खपत नसे. "मावशी म्हणलं का समोरचा हक्कानं काम सांगते," हे त्यांचं निरीक्षण. नव्या नर्सनं मावशी म्हणून हाक मारली तर त्या सरळ ऐकू न आल्यासारखं करत. डॉक्टर मॅडमपासून वॉचमनपर्यंत सगळे मग बावणेबाईच म्हणायला शिकले.

आमचा नागपूरच्या रामदासपेठेतला दवाखाना लहान मुलांच्या डोळ्यांचा. मी तिथे नजर तपासतो आणि चष्म्याचे नंबर काढतो. काही मुलांचा एक डोळा लहानपणापासून कमी बघतो आणि मेंदू हळूहळू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. उपाय जुना आहे. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची आणि आळशी डोळ्याला कामाला जुंपायचं, रोज काही तास, कित्येक महिने. सात-आठ वर्षांच्या आत हे झालं तर बहुतेकदा डोळा जागा होतो. फार उशीर झाला तर सहसा होत नाही. सांगायला सोपं आहे. पण चार वर्षांच्या मुलाचा दिसणारा डोळा झाकून त्याला धुरकट जगात सोडून दिलं की ते काय करील? पट्टी ओढून फेकून देईल. मीही तेच केलं असतं.

मॅडमनी फिशटँक आणली ती यासाठी. पट्टी लावलेलं मूल टाकीसमोर बसवायचं. गोल्डफिश मोठा, केशरी आणि चालीनं सुस्त. कमजोर डोळ्यालाही तो सापडतो, सुटला तर परत सापडतो. मूल माशामागे नजर फिरवत राहतं आणि पट्टी विसरतं. टाकी पश्चिमेच्या खिडकीला लावली होती, कारण मागून उजेड आला की मासा दिव्यासारखा उजळतो आणि अधू डोळ्याला तेवढी मदत लागतेच.

पण उजेड आला की शेवाळ आलंच. दर चार दिवसांनी काच हिरवी. हिरव्या काचेतून चांगल्या डोळ्यांच्या मला मासे धड दिसत नसत, तिथे त्या मुलांचं काय? टाकी अंधारात हलवली तर शेवाळ जाईल, पण मासे दिसायचे नाहीत. बाई दिवसाआड हात घालून काच घासायच्या. पाणी ढवळलं जायचं, मासे घाबरून कोपऱ्यात दडायचे ते दिवसभर. म्हणजे काच स्वच्छ आणि टाकी रिकामी. एकेकदा बाई ओल्या हातानं बाकावर बसून पुटपुटायच्या, "घासलं तर मासोळी नाई, नाई घासलं तर काच नाई."

तोडगा काढला आमचे व्यवस्थापक दाणीसाहेब यांनी. साहेब मनानं चांगले, फक्त कुठलीही अडचण संध्याकाळपर्यंत मिटली पाहिजे असा त्यांचा बाणा. एक दिवस ते दुकानातून पाण्यानं भरलेली पिशवी घेऊन आले. आत काळपट, खरखरीत, तोंडाचा चंबू असलेला मासा.

"बाई, तुमचं काम वाचलं! हा सकर मासा. काचेले चिपकते अन् पूर्ण शेवाळ खाऊन टाकते. दुकानवाला म्हणे, गोल्डफिशले हातबी नाई लावत."

"हात असते का त्याले?" बाईंनी विचारलं, पण साहेब तोवर फोनवर बोलत होते.

पंधरा दिवसांत काच लख्ख झाली. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला टाकी दाखवू लागले. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात मोठ्या गोल्डफिशच्या अंगावर पांढुरके चट्टे दिसले. दुकानदारानं निळं औषध दिलं. पाणी निळं झालं, चट्टे तसेच राहिले. दुसऱ्या दिवसापासून बाई साडेसहालाच येऊ लागल्या. आठची ड्यूटी, पण हॉलचे दिवे लागण्याआधी त्या बाकावर बसून टाकीकडे बघत असत. तिसऱ्या सकाळी मी पोचलो तर त्यांनी मला दारातच थांबवलं आणि बोटानं दाखवलं. अर्धवट उजेडात गोल्डफिश झोपल्यासारखा स्थिर होता आणि सकर त्याच्या कुशीला चिकटून चोखत होता.

"काचेवरचं सरलं ना सर. मंग हा दुसऱ्या ताटावर बसला," बाई म्हणाल्या. दिवे लागले तसा तो सुटला आणि साधूसारखा तळाशी जाऊन बसला.

मोठा गोल्डफिश त्याच आठवड्यात गेला. बाईंनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आवारातल्या कडुलिंबाखाली पुरला. मासे खाऊन वाढलेली ही बाई त्या दिवशी डब्याला हात न लावता बसून राहिली. मला सांगितलं, "पहिल्या दिवशीच मले त्याचं तोंड पटलं नव्हतं. साहेबानं आणला म्हून मी चूप बसली. माही चूक हाय ते." वास्तविक दुकानात जाऊन चौकशी करण्याइतकं शिक्षण आम्हा सगळ्यांचं होतं. एकानेही केली नव्हती.

सकरचं काय करायचं, यावर वॉचमन म्हणाला, फुटाळा तलावात सोडून देतो. बाई त्याच्यावर अशा काही कडाडल्या की तो पोर्चमध्ये जाऊन उभा राहिला. "त्या तळ्यातल्या मासोळ्याइनं तुह्यं का बिघडवलं रे?" शेवटी मागच्या पॅसेजमधल्या मोठ्या टबात सकरची एकट्याची सोय झाली. तो तिथे काकडीच्या चकत्या खात हातभर वाढला. बाई त्याला रोज शिव्या देत आणि रोज खायला घालत.

पुढचा उन्हाळा कडक होता. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, आणि आपलं नागपूर. मेमध्ये टाकीचं पाणी अंघोळीला चालेल इतकं कोमट व्हायचं. उरलेले दोन मासे वर येऊन तोंड उघडत होते. दाणीसाहेबांनी बर्फाची लादी मागवली. पाणी झटकन गार झालं, तासाभरात पुन्हा गरम, आणि मासे आडवे व्हायला लागले. बाईंनी उरलेला बर्फ उचलून साहेबांच्याच केबिनमध्ये नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, हे तुमच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी. मी घाबरून विचारलं, गेले का दोघं?

"नाई गा सर. माहेरी गेले."

माहेर म्हणजे हॉलचा मोठा डेझर्ट कूलर. त्याच्या खालच्या टाकीत, वाळ्याच्या ओल्या ताट्यांवरून ठिबकून आलेल्या गार पाण्यात, दोन्ही गोल्डफिश आरामात फिरत होते. पंपाच्या तोंडाला बाईंनी स्टीलची गाळणी तारेनं बांधली होती. मी थर्मामीटर घालून पाहिलं. साऱ्या इमारतीत सगळ्यात थंड पाणी तेच होतं आणि हे आम्हा शिकलेल्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कूलरमध्ये ओतायचं पाणीही बाई दोन दिवस बादल्यांत भरून ठेवत, नळाच्या औषधाचा वास उडून जावा म्हणून. "मासोळीले पाणी शिळं पाह्यजे अन् अन्न ताजं पाह्यजे, माणसाचं उलटं," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

जूनच्या सुरुवातीला कूलर दुरुस्त करायला माणूस आला. त्यानं बाजूची ताटी काढली आणि ओरडलाच, "अम्मा, इसमें तो मछली है!"

"मंग पाण्यात का म्हैस राहीन?" बाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या. "तू तुह्यी मोटर पाह्य."

त्या कूलरमुळे एक गोष्ट मात्र कळली. कूलरच्या टाकीत मुलांची बिस्किटं पडत नव्हती, साहेब येताजाता खाऊ टाकत नव्हते, आणि भुकेपोटी गोल्डफिश स्वतःच कडेचं कोवळं शेवाळ कुरतडत होते. पावसाळ्यात मासे टाकीत परतले तेव्हापासून बाईंनी खाद्याची डबी डोळ्यांच्या औषधांच्या कपाटात कुलूपबंद केली. शेवाळ कमी झालं, पण पश्चिमेचं ऊन काही सोडत नव्हतं. सोबतीला कुणीतरी हवंच होतं. आणि या वेळी निवड बाई करणार होत्या.

मुलीसाठी स्थळं बघणारी माणसं मी पाहिली आहेत. इतक्या खोलात कुणी जात नाही. बाईंचा पहिला नियम, नवा पाहुणा सव्वा महिना टाकीत जाणार नाही. बाळंतिणीला जसा सव्वा महिना पाळतात तसा हा, वेगळ्या टबात, वेगळ्या पाण्यात, वेगळ्या चिंधीनं साफसफाई. मॅडमनी ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "अहो, हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. रोग असेल तर तेवढ्यात बाहेर येतो." बाई म्हणाल्या, "शास्त्रात बी हाय का? बरं झालं." दुसरा नियम उपासाचा. पाहुण्याला दोन दिवस काही द्यायचं नाही आणि मग एका गोल्डफिशसोबत सोडून पहाटे बघायचं. "पोट भरल्यावर सारेच सज्जन असते सर. उपाशी असतानी पाहा."

पहिला आला दुकानातला पिवळा, निमुळता शेवाळखाऊ. दुकानदार म्हणाला, लहान आहे, काही करत नाही. बाईंनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं, "लहानपणी कोणीच काई करत नाई." तरी संधी दिली. उपासाच्या तिसऱ्या सकाळी तो गोल्डफिशला टबभर पळवत होता. परत पाठवणी.

मग झिंगे आणले, बारीक, काचेसारखे. सव्वा महिना उत्तम गेला. टाकीत सोडले त्याच्या दुसऱ्या दिवशी एकही दिसेना आणि गोल्डफिश मात्र खुशीत. बाई कपाळावर हात मारून हसल्या. "हे पाहुणे नव्हतेच, नाश्ता होता!"

मग एका रविवारी बाई खाप्याला भावाकडे जाऊन आल्या, त्या दुधाची कॅन घेऊन. कॅनमध्ये कन्हानच्या वाहत्या पाण्यातले बोटभर मासे, दगडाला तोंड लावून शेवाळ खरवडणारे. थंड पाणी चालतं, स्वभावानं गरीब. या स्थळावर बाईंचा फार जीव होता. पण वाहत्या पाण्याच्या पोरांना टब काय आवडणार? एकानं उडी मारून फरशी गाठली. तो बाईंच्या पायाखाली येता येता वाचला. दुसरा सारखा इकडून तिकडे धावून सोबत्यांना चैन पडू देईना. बाईंनी तीन दिवसांत निकाल दिला, "वाईट नाई, पण बांधून ठेवाची जात नव्हे." पुढच्या रविवारी तीच कॅन, तीच बस, आणि मासे परत नदीत.

मध्यंतरी दाणीसाहेब कंटाळले होते. त्यांनी मॅडमपुढे प्रस्ताव ठेवला की टाकी काढून भिंतीवर मोठी स्क्रीन लावू, तिच्यावर रंगीत मासे फिरतील. शेवाळ नाही, मरण नाही, पाणी बदलणं नाही. खरं सांगायचं तर प्रस्ताव वाजवी होता. स्क्रीनवर बघूनही आळशी डोळ्याला व्यायाम होतोच. मॅडम म्हणाल्या, महिनाभर बघू या. या महिन्यात टाकी नीट चालली तर ठेवू, नाहीतर स्क्रीन. स्क्रीन आलीही आणि समोरच्या भिंतीवर लागली. बाई त्या बैठकीत चहाचे कप उचलत होत्या.

त्याच दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून तपासणीच्या खुर्चीत बसल्या. दरवर्षी कर्मचाऱ्यांची तपासणी व्हायची. बाई प्रत्येक वेळी काम काढून निसटायच्या, हे मला तेव्हा आठवलं.

"माहे डोळे तपासा."

उजवा डोळा वयाच्या मानानं छान. डाव्याला मी तक्त्यावरचं सगळ्यात मोठं चित्र दाखवलं. बाईंना ते ओळखता आलं नाही. मग बोटं दाखवली. हातभर अंतरावरची बोटंही त्यांनी अंदाजानं मोजली. मोतीबिंदू नाही, इजा नाही, आत सगळं ठीक. तो डोळा लहानपणापासून आळशी होता आणि त्याला कुणीच कधी उठवलं नव्हतं.

"मले माहीत होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही आईबापाइले समजावून सांगत होते ना, आळशी डोळा, मेंदू ऐकत नाई, लवकर पट्टी बांधा. मी दाराजवळ फरशी पुसत ऐकत होती. तवा समजलं का माह्या डोळ्याच्या रोगाले नाव हाय. आमच्या टायमाले बाप म्हणे, तिरपं पाह्यते पोट्टी, सवय हाय." मग त्यांनी विचारलं, "आता पट्टी बांधून होईन का काई?"

मी नाही म्हणालो. याआधी शेकडो वेळा आईबापांना वाईट बातमी सांगितली आहे, तेव्हा माझी मान खाली गेली नव्हती. बारा वर्षं ही बाई माझ्या खोलीची फरशी पुसत होती. डाव्या बाजूनं दार लागलं की तिला धडक बसते हे मी पाहिलं होतं, आणि धांदरट म्हणून हसलोही होतो. मला फार लाज वाटली.

बाई उठल्या, पदर सारखा केला. "मंग पोट्ट्याइचं तरी होऊ द्या. साहेबाले सांगू नका काई, दया येईन त्याले. मले दया नाई पाह्यजे, टाकी पाह्यजे."

म्हणून त्या महिन्याला महत्त्व होतं. स्क्रीनची त्यांना भीती नव्हती. पण टाकीसमोर बसलेल्या मुलाजवळ बसणं, त्याच्याशी गप्पा मारत पट्टीवरचा हात हळूच बाजूला करणं, हे बाईंचं काम होतं आणि ते त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं. टाकी गेली असती तर बाईंच्या हातात फक्त पोछा राहिला असता.

आणि पाहुणा तर मिळालेला नव्हता. म्हणजे, असं आम्हाला वाटत होतं. नदीच्या माशांना वाटेत चरायला म्हणून बाईंनी खाप्याहून शेवाळलेले दोन दगड कॅनमध्ये टाकले होते. मासे परत गेले, दगड टबात राहिले. एके सकाळी बाई टब धुवायला गेल्या तर दगडाला चिकटलेल्या चार तपकिरी, शंखाच्या गोगलगाई निघाल्या. त्यांना कुणी बघायला गेलं नव्हतं, कुणी पसंत केलं नव्हतं. टबाच्या आतल्या बाजूला मात्र जिथून त्या फिरल्या होत्या तिथे शेवाळाचा मागमूस नव्हता.

दगड आले त्या रविवारपासून मोजलेला सव्वा महिना पुरा व्हायला आठवडा बाकी होता आणि स्क्रीनचा महिनाही त्याच आठवड्यात संपत होता. मी म्हणालो, सोडून देऊ, आठवड्यानं काय बिघडतं. बाईंनी ऐकलं नाही. नियमात सूट दिली की काय होतं ते कडुलिंबाखाली पुरलेलं आहे, एवढंच म्हणाल्या. उपासही झाला. गोल्डफिशनी गोगलगाईंना हुंगलं, त्यांनी शंखांची दारं लावून घेतली, गोल्डफिश निघून गेले. पहाटेची पाहणीही पार पडली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी चारही जणी टाकीत गेल्या. काच तेव्हा गर्द हिरवी होती, कारण बाईंनी ती मुद्दाम आठवडाभर घासली नव्हती. "जेवाले बोलावलं अन् ताट रिकामं, असं कसं?" दाणीसाहेब ती काच बघून मानेनं नाही नाही करत केबिनमध्ये गेले.

त्या दिवशी दुपारी उमरेडहून आरोही आली होती. पाच वर्षांची, वडील कोळशाच्या खाणीत गाडी चालवतात. आई दर महिन्याला एसटीनं तिला आणायची आणि दर महिन्याला तीच तक्रार, पट्टी बसमध्येच काढून टाकते. मी पट्टी लावून तिला हॉलमध्ये पाठवलं. आधी ती स्क्रीनसमोर बसली. थोड्या वेळानं पट्टीच्या कडेखाली तिचं बोट शिरलेलं मला दिसलं. कंटाळून ती टाकीकडे वळली. हिरव्या काचेवर एक गोगलगाय वर चढत होती आणि तिच्या मागे बोटभर रुंदीची स्वच्छ, पारदर्शक वाट उमटत होती. त्या वाटेतून मागचं ऊन आणि मध्येच एखादा केशरी मासा दिसत होता. आरोहीनं काचेला नाक लावलं. मग बोट लावलं आणि त्या वाटेवरून खालून वर नेऊ लागली.

"कुठी चालली वं ती?" बाईंनी शेजारी बसत विचारलं.

"वळून राहिली! इकडे वळून राहिली!"

मॅडम मधल्या वेळेत बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. गोल्डफिश ठळक होता, गोगलगाय लहान. माशामागे नजर नुसती फिरते, या बारीक वाटेवर ती टिकवावी लागते. मोठ्या चित्रानंतर लहान अक्षर द्यावं तसं झालं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणी ठरवलेलं नव्हतं. आरोहीची आई बसची वेळ झाली म्हणून तीनदा उठली. पोरगी उठेना. पट्टी जागच्या जागी होती.

"दाणी, स्क्रीन मोठ्यांना बघू द्या," मॅडम म्हणाल्या. "टाकी राहील. आणि टाकीचं सगळं बावणेबाई ठरवतील. मलाही विचारायची गरज नाही."

दाणीसाहेब मोठ्या मनाचे. पुढे ते पाहुण्यांना सांगत, "ही गोगलगाईची आयडिया आमच्या दवाखान्याची हाय," आणि आमच्या म्हणताना स्वतःच्या छातीवर हात ठेवत. बाई मागे उभ्या राहून माझ्याकडे बघत भुवई उडवायच्या. काच पूर्ण स्वच्छ कधीच झाली नाही. चार गोगलगाई जेवढं खात तेवढं ऊन पुन्हा पिकवायचं, त्यामुळे रोज नवी वाट आणि रोज नवं चित्र. पिल्लं व्हायची, त्यातली बरीच गोल्डफिश मटकवायचे, म्हणून संख्याही आटोक्यात राहिली. आरोही पुढच्या दीड वर्षात तक्त्याच्या खालून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचली. सगळी मुलं पोचत नाहीत. बरीच पोचतात.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम सकाळी झाला, शाल आणि नारळ झाला, साहेबांचं भाषण लांबलं. बाईंना खाप्याच्या बसची घाई होती. त्या नव्या लुगड्यात, काखेत शाल आणि हातात पिशवी घेऊन निघाल्या आणि त्याच वेळी हॉलमध्ये एका चिमुकलीनं आकांत मांडला. साडेतीन वर्षांची असेल. पहिलीच पट्टी. आईनं दोनदा लावली, तिनं दोनदा ओढली. डोळा लाल झाला होता. मासे दाखवले, गोगलगाय दाखवली, पोरगी टाकीकडे बघायलाच तयार नव्हती.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे आल्या आणि हात पुढे केला. "एक पट्टी द्या."

मी दिली. मला वाटलं, पोरीला लावणार. बाईंनी ती नीट उलगडली आणि स्वतःच्या उजव्या डोळ्यावर लावून टाकली. चांगल्या डोळ्यावर. हॉलमधल्या सगळ्यांना तो गमतीचा प्रकार वाटला, कुणीतरी हसलंही. त्या क्षणी बाईंना काय दिसत होतं ते फक्त मला माहीत होतं. मी पुढे झालो तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. बाकाची पाठ चाचपत, एका खुर्चीला गुडघा आपटत त्या टाकीपर्यंत पोचल्या आणि काचेसमोर फरशीवर बसल्या.

"मले बी बांधली माय पट्टी," त्या म्हणाल्या. "आता काईच दिसून नाई राहिलं. ती गोगलगाय कुठी हाय, सांगतं का मले?"

पोरीचं रडणं अडखळलं. तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. मग आईनं हळूच तिची पट्टी लावली तरी तिचं लक्ष नव्हतं. ती पुढे आली.

"तिथं," ती म्हणाली.

"तिथं म्हणजे कुठी? मले कसं समजन?"

पोरीनं काचेजवळ तोंड नेलं, बराच वेळ शोधलं. मग तिनं बाईंचं जाड, सुरकुतलेलं बोट आपल्या मुठीत धरलं, काचेवर टेकवलं आणि हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. बाईंची बस सुटून गेली होती, पण त्या उठल्या नाहीत. पोरगी नेईल तिकडे त्यांचं बोट जात होतं.